तळहातावरचं मीठ

फ्लास्कमधलं धुकं विरायला अर्धा तास लागायचा. कुणी कितीही आदळआपट केली तरी ते त्याच्या आधी विरायचं नाही. मी जन्माची उतावळी, वर तापट, आणि मला कुणी निवांत बसायला शिकवलं असेल तर त्या धुक्यानं. मांडीवर जाड काचेचा फ्लास्क, त्याचं बूच तळव्यानं घट्ट दाबलेलं, भोवती ओला टॉवेल, आणि आत पांढरं, मऊ, हळूहळू खाली उतरणारं काहीतरी. खिडकीबाहेर कडुलिंब. दुपारची मीटरगेजची गाडी शिट्टी मारून गेलेली. अशा वेळी मला हमखास सिद्धेश्वरच्या धरणाकाठची सकाळ दिसायची. हिवाळ्यात तिथं पाण्यावर असंच धुकं असतं, आणि त्यातून आधी मेंढरांचा आवाज येतो, मग मेंढरं येतात. मी प्रयोगशाळेत बसलेय की धरणावर, हे मला घटकाभर कळायचं नाही.

तेव्हा हिंगोली जिल्हा होऊन वर्ष-दोन वर्षं झालेली होती आणि आमच्या कॉलेजात एमएस्सीचे वर्ग नुकते सुरू झाले होते. मी शिरड शहापूरच्या पलीकडच्या वस्तीवरून यायची. आमचं घर मेंढपाळाचं. थोडी शेती, बाकी सगळा जीव मेंढरांत. भावकीत बारावीच्या पुढं गेलेली मी पहिलीच, आणि रसायनशास्त्र म्हणजे नक्की काय हे वस्तीवर कुणालाच ठाऊक नव्हतं. चुलते म्हणायचे, पोरगी औषधं बनवायला शिकून राहिली. मी नाही म्हणायची नाही. समजावून सांगण्यात अर्धा दिवस गेला असता.

दुसऱ्या वर्षाला सरांनी मला प्रकल्प दिला तो क्लोरीन मोजायचा. साध्या मिठातलं क्लोरीन मोजणं सोपं असतं, ते पाण्यात टाकलं की मोकळं होतं. पण सेंद्रिय पदार्थातलं क्लोरीन कार्बनला असं चिकटून बसलेलं असतं की पाण्याला दाद देत नाही. म्हणून तो पदार्थ आधी जाळायचा, तोही बंद फ्लास्कमध्ये, शुद्ध ऑक्सिजनमध्ये. चिमूटभराहून कमी पांढरी भुकटी फिल्टर पेपरच्या तुकड्यात बांधायची. कागदाला एक शेपटी ठेवायची. ती पुडी प्लॅटिनमच्या जाळीत अडकवायची, शेपटी पेटवायची, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत बूच लावायचं. मग आत असा लख्ख उजेड पडतो की पहिल्या वेळी मी डोळेच मिटून घेतले होते. दोन-चार सेकंदांचा खेळ. उजेड विझला की धुकं. धुकं तळाच्या पाण्यात विरलं, की पदार्थातलं सगळं क्लोरीन त्या पाण्यात उतरलेलं असतं, आणि आता ते मिठातल्या क्लोरीनसारखंच गुमान मोजता येतं.

ऑक्सिजन आणायचा कुठून? कॉलेजात सिलिंडर नव्हता. मी फुटबॉलचं ब्लॅडर घेऊन बसस्टँडजवळच्या वेल्डिंगच्या दुकानात जायची. तिथले चाचा नळी लावून ब्लॅडर फुगवून द्यायचे आणि दर वेळी विचारायचे, पेशंट कैसा है? पहिल्यांदा मी सगळं समजावून सांगितलं. नंतर नंतर म्हणायला लागले, आता बरं आहे, चाचा. फुगलेलं ब्लॅडर ओढणीखाली लपवून भर रस्त्यानं कॉलेजात येताना लोक काय बघायचे ते मी इथं लिहीत नाही.

प्लॅटिनमची जाळी मात्र सरांची. अंगठ्याच्या नखाएवढी. कुठल्याशा मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत शिकत असताना त्यांना ती कुणी दिली होती. तिची तार बुचाच्या काचेत बसवलेली होती आणि ते बूच कुलपात राहायचं. विभागातली सगळ्यात महागाची वस्तू. सर ती काढून देताना एकदा माझ्याकडे बघायचे, एकदा जाळीकडे.

मोजण्याचा शेवटचा भाग मला सगळ्यात आवडायचा. फ्लास्कमधलं पाणी उकळून, गार करून, उदासीन करून त्यात इंडिकेटरचे थेंब टाकायचे. पाणी पिवळं होतं, हळदीच्या हाताचं पाणी असतं तेवढं. वरून ब्युरेटमधून, म्हणजे तोटीच्या काचनळीतून, सिल्व्हर नायट्रेट थेंब थेंब सोडायचं. सिल्व्हर नायट्रेटला आधी क्लोरीन लागतं. ते मिळेपर्यंत ते इंडिकेटरकडे ढुंकूनही बघत नाही, नुसते पांढरे ढग करत बसतं. क्लोरीन संपलं, की पुढच्या एका थेंबाला पिवळ्यात विटकरी लाली येते. हलवलं तरी जात नाही. तिथं तोटी बंद. किती थेंब लागले त्यावरून हिशेब. त्या लालीची वाट बघताना मी श्वास रोखून धरायची, आणि ती आली की फ्लास्क उजेडाकडे धरून बघत बसायची. आजही बसते. वीस वर्षं झाली.

सरांनी दिलेल्या भुकटीत क्लोरीन किती आहे ते पुस्तकात लिहिलेलंच होतं, शंभरात साडेबावीस आणि वर किंचित. तेच माझ्या हातून यायला हवं होतं. ज्ञात पदार्थाचे आकडे जुळले, तर परीक्षेला अज्ञात पदार्थ मिळणार. परीक्षेचा आकडा बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर काढायचा. सरांनी कबूल केलं होतं की आकडा बराबर आला तर पुढच्या वर्षी मला तिथंच डेमॉन्स्ट्रेटर म्हणून घेण्यासाठी ते शब्द टाकतील. आणि आकडा चुकला तर? तर सोयरिकीचे पाहुणे थांबलेलेच होते. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, भावकीला सांगून ठेवलं होतं, लेकराला दोन वर्सं द्या. पास होऊन नोकरी लागली तर तिची तिला मोकळीक, न्हाई तर पोळ्याच्या आत सोयरीक. पाहुणे वाईट नव्हते. पण मला ती लाली सोडून कुठंही जायचं नव्हतं.

आता आमच्या घरची एक रीत सांगायला पाहिजे. मेंढरांना मीठ लागतं. आठवड्यातून एकदा सपाट दगडांवर जाडं मीठ पसरायचं, आणि ती चाटत बसतात. पण त्याशिवाय आमच्याकडे कुणी महत्त्वाच्या कामाला निघालं, सोयरीक बघायला, दवाखान्यात, कोर्टकचेरीला, की निघण्याआधी कळपातल्या सगळ्यात म्हाताऱ्या मेंढीला स्वतःच्या तळहातावरून मीठ चारायचं. चारायचं म्हणजे पूर्ण. ती शेवटचा कण चाटेस्तोवर हात हलवायचा नाही, बोलायचं नाही. हे कुणी सुरू केलं कोण जाणे. माझ्या आजोबांनी आबांना शिकवलं, आबांनी मला. उजाडता उजाडता ती म्हातारी यायची, कान लोंबते, एका डोळ्यात वडस आलेला, आणि तिची खरखरीत गरम जीभ तळहातावर फिरायला लागली की मला वाटायचं, आता काही वाईट होणं शक्यच नाही. आबा बाजूला उभे असायचे. तिचं चाटून झालं की ते स्वतःचा हात माझ्या डोक्यावर ठेवायचे आणि म्हणायचे, "जा आता."

मंगळवार आणि शुक्रवार हे माझे सहीचे दिवस. त्या दिवशी सर समोर उभे राहून माझा आकडा बघायचे आणि वहीवर सही करायचे. साहजिकच त्या दोन दिवशी मी मेंढीला मीठ चारून निघायची. ओढणीच्या टोकाला मिठाचे खडे बांधून वाड्यापाशी जायची (वाडा म्हणजे मेंढरांचं काटेरी कुंपण, दुसरा कुठला वाडा आमच्याकडे नव्हता), तिथं गाठ सोडायची, चारायची, हात त्याच ओढणीला पुसायचे आणि बस पकडायला पळायचं. ओढणी हिरवी. तीच एक शुभ ठरलेली. बाकीच्या दिवशी कोणतीही.

आणि झालं असं, की बुधवारी, गुरुवारी, शनिवारी, एकटीनं सराव करताना आकडा कसा नेमका साडेबावीसच्या पुढं येऊन थांबायचा. मंगळवारी आणि शुक्रवारी सरांसमोर साडेतेवीस, चोवीस. एकदा चोवीसच्याही वर.

आधी मला वाटलं मी घाबरते. सरांना वाटलं मी लाली ओळखण्यात उशीर करते, थेंब जास्त सोडते. त्यांनी माझ्या शेजारी उभं राहून लाली बघितली. लाली बराबर होती. मग त्यांनी सिल्व्हर नायट्रेट नवं करायला लावलं, तराजू तपासला, भुकटी वाळवून घेतली. पुढच्या मंगळवारी पुन्हा तेवीस पॉइंट आठ. असं गणपतीपासून संक्रांतीच्या पुढपर्यंत चाललं. घरी येऊन मी मायवर खेकसायची, भाकरी तशीच ठेवून उठायची. माझी बोटं सिल्व्हर नायट्रेटनं काळी पडलेली असायची, ती बघून माय म्हणायची, बिबा उतला का गं? मी म्हणायची, नशीब उतलं. आबांनी बिचाऱ्यांनी मेंढीच्या मिठाची मूठ मोठी केली.

शेवटी एका शुक्रवारी सरांनी माझी वही मिटली. आवाज न चढवता म्हणाले, "एकटी असतीस तेव्हा आकडा बराबर, माझ्यासमोर गलत. मी काय समजायचं, तूच सांग."

काय समजायचं ते सगळ्यांना कळतंच. एकटीनं काढलेले आकडे मी पुस्तकात बघून लिहिले, असं. माझ्या अंगाची लाहीलाही झाली. मी भुरटी, मी खोटारडी, मी धनगराची पोरगी म्हणून माझ्या आकड्याला किंमत नाही? हे शेवटचं सर म्हणाले नव्हते, ते माझं मीच मनात म्हटलं. पण त्या वेळी फरक करायला डोकं ठिकाणावर लागतं. मी तशीच ॲप्रनसकट बाहेर पडले, जिना उतरले, फाटकातून निघाले ते थेट बसस्टँडवर. बाकावर बसले. ठरवून टाकलं, पाहुण्यांना होकार कळवायचा आणि आयुष्यात परत ब्युरेटचं तोंड बघायचं नाही. रडू आलं म्हणून डोळे पुसायला हात वर केला, तर मुठीत बूच. प्लॅटिनमच्या जाळीसकट.

झालं. विभागातली सगळ्यात महागाची वस्तू घेऊन मी बसस्टँडवर पळून आले होते. आधी खोटारडी, आता चोर. मला रडता रडता हसू फुटलं, शेजारची बाई सरकून बसली. तशीच उठले आणि परत गेले. कितीही राग असला तरी ते बूच ठेवून मला एसटीत बसता येणार नव्हतं.

सर टेबलाशीच होते. बूच बघून त्यांनी फक्त हात पुढं केला. मग म्हणाले की आलीच आहेस तर ब्लँक घेऊ या. ब्लँक म्हणजे कोरी चाचणी. भुकटी न घालता नुसता कोरा कागद जाळायचा आणि बाकी सगळं तसंच करायचं. कोऱ्या कागदात क्लोरीन नसतं, म्हणजे पहिल्या एक-दोन थेंबांतच लाली यायला पाहिजे. मी हात धुतले, ओढणीला पुसले, कागदाची पुडी केली, पेटवली. पुन्हा उजेड, पुन्हा धुकं. त्या दिवशी मला धरण दिसलं नाही.

आणि लाली येईचना. दोन थेंब, चार, सात. दहा थेंब होऊन गेले आणि पांढरे ढग येतच राहिले. तेरा-चौदा थेंबांनंतर कुठं लाली आली. कोऱ्या कागदात इतकं क्लोरीन? सरांनी त्याच गठ्ठ्यातला कागद घेतला, तोच फ्लास्क, तेच पाणी, तीच बाटली, आणि स्वतः पुडी केली. त्यांना दोन थेंब लागले.

ते बराच वेळ माझ्याकडे बघत बसले. माझ्याकडे म्हणजे माझ्या हातांकडे. मग त्यांनी एक स्वच्छ बीकर पुढं सरकवला आणि त्याच्यावर मला बोटं धरायला लावली. बाटलीतल्या शुद्ध पाण्यानं बोटं धुतली, ते पाणी बीकरमध्ये घेतलं आणि त्यात सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब सोडला. दुधासारखा पांढरा ढग उठला.

"हाताला काय लावून येतीस पोरी?"

मी ओढणीचं टोक हातात धरून उभी होते. गाठीच्या चुण्यांत अजून दोन खडे चमकत होते.

सांगितलं सगळं. मेंढी, मूठ, ओढणी, जा आता, सगळं. सांगताना लाज वाटली, कारण मीठ म्हणजे क्लोरीन हे आठवीच्या पोराला ठाऊक असतं आणि मी सहा महिने ते हातावर घेऊन क्लोरीन मोजत होते. धुतलेले हात त्याच ओढणीला पुसत होते, आणि त्या बोटांनी पुडी बांधत होते. ज्या दिवशी आकडा चुकू नये म्हणून मी जास्तीत जास्त जपत होते, त्याच दिवशी चुकवत होते. सर हसले नाहीत. फक्त म्हणाले, मेंढीला सांग, परीक्षा होईस्तोवर तेवढा उपास कर. मग त्यांनी मला चिमटा दिला. पुडी चिमट्यानंच बांधायची, कागदाला बोट लावायचं नाही, हात पुसायचे नाहीत, तसेच वाळू द्यायचे. आणि वहीतला माझा एकटीचा प्रत्येक आकडा उघडून त्यांनी त्याच्याखाली एक एक सही केली. माफी मागायची त्यांची ती पद्धत.

मी घरी गेले ती फणफणत. खरं तर आनंदानं उड्या मारत जायला पाहिजे होतं, पण राग कुठंतरी काढायचा होता, आणि आपल्या माणसावर काढणं सगळ्यात सोपं. आबा अंगणात लोकर कातरत बसले होते. मी उभ्या उभ्याच सुरू झाले. तुमच्या मिठानं माझं सहा महिन्यांचं वाटोळं केलं, खोटारडी ठरायची पाळी आली. त्यांनी कातर खाली ठेवली. मीठ कुठं हाय, म्हणून स्वतःचे तळवे उलटेसुलटे करून बघायला लागले. मी म्हटलं, डोळ्याला दिसत नाही, पण असतं, आणि तुम्ही डोक्यावर हात ठेवता तिथंही लागतं, आणि त्याच केसांना माझा हात लागतो. आता हे शेवटचं काही खरं नव्हतं. एवढ्यानं आकडा हलत नसतो. पण बोलायला लागलं की माझं असंच होतं.

त्यांनी विचारलं, "धुतल्यावर बी ऱ्हातं का?"

आणि मी बोलून गेले, "तुमच्या हाताचं तर कधीच जाणार न्हाई, आबा."

त्यांनी कातर उचलली आणि पुन्हा लोकर कातरायला लागले. मी आत जाऊन पोटभर जेवले आणि झोपले. त्या वाक्याचं मला तेव्हा काहीच वाटलं नाही.

परीक्षा उन्हाळ्यात होती. त्या दिवशी पहाटे मी उठले तेव्हा म्हातारी मेंढी नेहमीच्या जागी नव्हती. आबांनी तिला आदल्या दिवशीच चुलत्यांच्या कळपात नेऊन सोडलं होतं, मला बघून ती येऊ नये म्हणून. मिठाचं मडकं मायकडून माळ्यावर ठेवून घेतलं होतं. माझ्यासाठी बादलीभर पाणी काढून ठेवलेलं होतं आणि शेजारी दोरीवर एक धुतलेली पांढरी ओढणी. ते स्वतः कुंपणापाशी उभे होते, चार पावलं लांब. मी पाया पडायला वाकले आणि डोक्यावर हात येईल म्हणून वाकलेलीच राहिले. हात आला नाही. मान वर करून बघितलं तर त्यांनी दोन्ही हात पाठीमागं बांधून घेतलेले.

"हाताला मीठ हाय, बाई. लागंल," ते म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "जा आता."

बसमध्ये मी खिडकीतून बाहेर बघत होते आणि काही दिसत नव्हतं. आबा, तसं नव्हतं हो, एवढं म्हणायला काय लागत होतं? पण बस सुटायची होती, आणि आमच्या घरात माफी मागायची कुणाला सवय नव्हती. आल्यावर सांगू, असं ठरवलं.

परीक्षेचं सांगण्यासारखं फार नाही. अज्ञात पदार्थाची पुडी मी चिमट्यानं बांधली, एकदाही बोट लावलं नाही. परीक्षक मोठ्या गावाहून आलेले, चष्म्यावरून बघणारे. धुक्याच्या अर्ध्या तासात त्यांनी मला दहा प्रश्न विचारले आणि मी उत्तरं दिली, पण मला सारखे ते पाठीमागं बांधलेले हात दिसत होते. मग पिवळं, मग पांढरे ढग, मग लाली. तीन वेळा केलं, तिन्ही आकडे एकमेकांना लागून आले. परीक्षकांनी पाकीट फोडून खरा आकडा बघितला, माझ्या वहीकडे बघितलं आणि सरांना म्हणाले, हिचा हात स्वच्छ आहे. सरांची मान ताठ झाली. मला मात्र ते ऐकून कसंतरीच झालं.

निकाल लागला, सरांनी शब्द टाकला, मी तिथंच लागले. पाहुणे दुसरीकडे गेले. आणि आबांचा हात काही परत आला नाही. परीक्षा संपली आबा, आता काही होत नाही, असं मी चार वेळा सांगितलं. ते व्हय व्हय म्हणायचे, पण मी वाकले की हात मागं जायचा. मला काही द्यायचं झालं तर हातात न देता समोर ठेवायचे. माझ्या लग्नात पटक्याचं टोक हाताभोवती गुंडाळून ते त्यांनी माझ्या डोक्याला लावलं, लोकांना वाटलं काही रीतच असेल. माझी मुलगी झाली तेव्हा तिला घोंगडीच्या घडीवर घ्यायचे, आणि घेण्याआधी कोपरापर्यंत हात धुवायचे. ते रागावलेले नव्हते हो. रागावले असते तर मी भांडून मोकळी झाले असते. त्यांनी माझं बोलणं फक्त खरं मानलं होतं, कारण लेक शिकलेली होती.

अशी सहा-सात वर्षं गेली. म्हातारी मेंढी केव्हाच गेली. गुडघे धरले म्हणून आबांनी कळपही विकून टाकला. त्यानंतर दोनेक वर्षांनी उन्हाळ्याच्या सुटीत ते डोळे तपासायला हिंगोलीला आले, आणि बसला वेळ होता म्हणून माझं कॉलेज बघायला आले. पहिल्यांदाच. प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. टेबलं पुसून ठेवलेली, नळाला पाणी नाही, कडुलिंबाची सावली फरशीवर. मी परीक्षांच्या वह्या बघत बसले होते. बघते तर दारात आबा, उंबऱ्याच्या बाहेर, हात पाठीमागं.

या म्हटलं आत. त्यांनी एकदा काचेच्या सामानावरून नजर फिरवली आणि म्हणाले, ऱ्हाऊ दे बाई, मी हितंच बराय, तुझं काई बिघडंल.

मी उठले. काय करायचं हे मी ठरवलं नव्हतं. त्यांचा उजवा हात पाठीमागून ओढून पुढं घेतला. त्यांनी ओढून घ्यायचा प्रयत्न केला, पण मेंढपाळाची लेक आहे मी, माझी पकड सुटत नाही. त्यांना स्टुलावर बसवलं. स्वच्छ बीकर घेतला, त्यावर त्यांचा तळवा धरला आणि सरांनी माझी बोटं धुतली होती तसा शुद्ध पाण्यानं धुतला. त्या तळव्यावरच्या सगळ्या रेषा मला पाठ होत्या. किती वर्षांनी बघत होते. मग दुसरा बीकर घेतला, त्यात माझा तळवा तेवढ्याच पाण्यानं धुतला. दोन्हींत इंडिकेटर टाकलं. दोन बीकर, दोन्ही पिवळे.

ब्युरेट भरून मी त्यांना शेजारी उभं केलं. थेंब पडायला लागले तसे ते पुढं वाकले. पांढरा ढग आला की मानेनं खुणवायचे, आला आला. त्यांच्या बीकरला लाली यायला नऊ थेंब लागले. ते पुटपुटले, हाय म्हणजे अजून. मेंढरं जाऊन दोन वर्सं झाली तरी हाय.

मग मी माझा बीकर ब्युरेटखाली ठेवला. त्यांनी थेंब मोठ्यानं मोजले, मेंढरं मोजायचे त्याच आवाजात. सात. आठ. नवव्याला माझंही पाणी लाल झालं.

ते बघतच राहिले. एकदा त्या बीकरकडे, एकदा ह्या. मला घाम आला की मीठ येतं, प्रत्येक माणसाच्या हाताला असतं, हे सगळं मला सांगायचं होतं. शिकवायची सवय, तोंडावर आलं होतं. पण त्यांनीच विचारलं.

"तुला गं कुठून आलं?"

"तुमच्याकडूनच," मी म्हटलं. "आबा, मी तवा लई वंगाळ बोलले."

बाहेर कुठंतरी बसचा हॉर्न वाजला, त्यांची असेलही. मी तिथंच फरशीवर त्यांच्या पायांशी वाकले, आणि पूर्वीसारखी वाकलेलीच राहिले. किती वेळ गेला सांगता येत नाही. धुकं विरायला लागतो तेवढा नक्कीच नसेल, पण मला तेवढा वाटला. मग डोक्यावर हात आला. अजून ओला होता, पाणी भांगातून कपाळावर उतरलं. आबा नेहमी म्हणायचे ते जा आता त्या दिवशी म्हणाले नाहीत.